शंभर वर्षांपूर्वीचा आजचा पेपर

जगात आशावादी माणसं पुष्कळ असतात. पण जी गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे तिच्याबद्दल आशावादी असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो सिंगापूरच्या बिशान भागात आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या दोन मजले खाली राहत होता. त्यांना सगळे चीफ म्हणत. उमेदीची सारी वर्षं बोटींच्या इंजिनरूममध्ये गेली, चीफ इंजिनिअर म्हणून किनाऱ्याला लागले, आणि बोट सुटली तरी हुद्दा काही सुटला नाही. मराठी मंडळाच्या आमंत्रणावर 'चीफ आणि सौ. काकू' असं लिहिलेलं असे. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या चिनी आज्यासुद्धा त्यांना 'मॉर्निंग, चीफ' म्हणत. काकू एरवी त्यांना रीतसर 'अहो' म्हणायच्या, पण चिडल्या की त्याही 'चीफ' म्हणत. खालून "चीफ, पोळी निवतेय" असं ऐकू आलं की आम्ही समजायचो, आज खाली समुद्र खवळलेला आहे.

सिंगापूरला ते एका जहाज कंपनीच्या ऑफिसात होते. कंपनीची बोट दुरुस्तीला आली की बॉयलर सूट चढवून तिच्या पोटात शिरायचं आणि ग्रीसने माखून बाहेर यायचं, हे त्यांचं काम. पण खरं सांगायचं तर त्यांना यंत्राच्या पोटात शिरायची गरजच नव्हती. त्यांना नुसतं ऐकू येई. एकदा मी शेंगदाण्याची चटणी वाटत होते तर दोन मजल्यांखालून फोन. "शलाका, मिक्सर बंद कर. ब्रश गेलेत त्याचे." मी म्हटलं, चांगला चालतोय की. चटणी व्हायच्या आत मिक्सर गेला. कॉफी शॉपमध्ये बसले की आधी भिंतीवरच्या पंख्याकडे कान लावणार, मग तोंडाकडे कप. आमच्या ब्लॉकची लिफ्ट अडकणार हे त्यांनी आठवडाभर सगळ्यांना सांगितलं होतं, आणि ती अडकली तेव्हा आत ते स्वतःच होते. सोबत पिशवीभर पालेभाज्या घेतलेली एक चिनी बाई. माणसं येऊन दार उघडेपर्यंत चीफनी त्या बाईला अथपासून इतिपर्यंत बेसबॉल शिकवला. ती बाई अजूनही मी दिसले की पलीकडच्या लिफ्टने जाते.

तर बेसबॉल. आता सिंगापूरच्या मराठी माणसाने क्रिकेटवर बोलावं, घरभाड्यावर बोलावं, नोकरीचा पास रिन्यू होतो की नाही यावर तर बोलावंच बोलावं. पण चीफना क्रिकेटमध्ये काडीचा रस नव्हता. भारताचा सामना असला की आमच्याकडे पंधरा माणसं आणि भेळ जमायची. चीफ येत, भेळ खात आणि "कोण जिंकतंय?" असं, परक्याच्या घरची लग्नं विचारावीत तसं विचारून निघून जात. त्यांचा जीव होता तो अमेरिकेतल्या एका गिरणीगावाच्या बेसबॉल संघावर. पगारी खेळाडूंचा संघ. "हौशी नाहीत हं, प्रोफेशनल आहेत," हे ते फार अभिमानाने सांगत, विशेषतः संघ हरल्यावर. हा संघ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होता. तेव्हा चीफचे आजोबासुद्धा रांगत असतील.

हे प्रेम जडलं कसं, त्याची हकीकत अशी. त्यांची बोट एकदा इंजिनाच्या कुठल्याशा भागापायी अमेरिकेच्या एका बंदरात अडकून पडली. भाग येईना, बोट हलेना. खलाशी बाजारात गेले, चीफ गावातल्या लायब्ररीत गेले, कारण तिथे एसी होता आणि बसायला कुणी मनाई करत नव्हतं. लायब्ररीतल्या बाईंनी त्यांच्यापुढे जुने पेपर ठेवले. त्यात गावच्या संघाने गमावलेल्या एका सामन्याची बातमी होती. फलंदाजाने असा टोला मारला की चेंडू कुंपणापलीकडून जाणाऱ्या दुधाच्या गाडीत पडला. गाडीवानाला पत्ताच नाही, तो आपला घोडा हाकत पुढे. क्षेत्ररक्षक कुंपणावरून उडी मारून गाडीमागे धावतोय, इकडे फलंदाज चारही कोपरे फिरून घरी पोचलाय, आणि बातमीदाराने शेवटी लिहिलेलं, की त्या दिवशी त्या आळीत दूध उशिरा पोचलं. "त्या शेवटच्या वाक्यावर मी गेलो बघ," चीफ सांगत. "म्हटलं, सामना हरल्याच्या दिवशी ज्याला आळीतलं दूध आठवतं, तो आपला माणूस." बोट दुरुस्त झाली, बंदर सुटलं, पण ते गाव त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. पुढे अनेक वर्षांनी त्या लायब्ररीने सगळे जुने पेपर इंटरनेटवर टाकले, आणि चीफनी ठरवलं, की त्या संघाचा एक अख्खा हंगाम आपण बघायचा.

बघायचा म्हणजे कसा, इथेच खरी गंमत आहे. तुम्ही-आम्ही एका बैठकीत सगळा हंगाम वाचून काढला असता आणि चहा प्यायला उठलो असतो. चीफनी असा एक जुना हंगाम शोधला, ज्याचे वार आणि तारखा चालू वर्षाच्या कॅलेंडरशी बरोबर जुळत होत्या. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत, ज्या दिवशी जो सामना झाला, त्याच दिवशी त्याची बातमी वाचायची. एक दिवस आधी नाही. शेवट शोधायचा नाही, पुढची पानं उलटायची नाहीत. बरं, त्या गावाचा पेपर निघायचा संध्याकाळी, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ. म्हणून चीफ सकाळी कॉफी शॉपमध्ये जाऊन बसत आणि घड्याळात तिकडचे सहा वाजल्याशिवाय फोनवर पान उघडत नसत. काकू एकदा मला म्हणाल्या, "लवकर उठलेत म्हणून म्हटलं, वाचा की घरीच. तर म्हणे, थांब, पेपर अजून छापून व्हायचाय. शंभर वर्षांपूर्वीचा पेपर अजून छापून व्हायचाय, शलाका. मी कुणाला सांगू?"

खेळाडूंची नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी सगळ्यांची बारशी केली. अंपायरशी रोज भांडणारा तो वकील. थंडीत सुतारकाम करून पोट भरणारा तो सुतार. आणि चेंडू टाकणारा जो मुख्य गडी होता, ज्याला बातमीदार नेहमी म्हातारा म्हणून चिडवायचा, ते आबा. मे महिन्यात आबांचा खांदा दुखावला. चीफचं जेवणावरून लक्ष उडालं. मंडळाच्या वसंतोत्सवाला काकू एकट्याच आल्या आणि चार बायकांनी विचारलं तेव्हा खरं ते सांगून मोकळ्या झाल्या, "आबांचा खांदा धरलाय, त्यामुळे हे घरीच आहेत." दुसऱ्या दिवशी जुरोंग ईस्टहून एक कुटुंब संत्री आणि सफरचंदं घेऊन समाचाराला हजर. चीफनी त्यांना बसवून घेतलं, दुखणं कधी सुरू झालं, कसं वाढलं, सगळं सांगितलं. त्या गृहस्थांनी आदराने विचारलं, "वय काय हो आबांचं?" चीफ म्हणाले, "अडतीस." फळं परत नेता येत नाहीत म्हणून, नाहीतर त्या मंडळींनी नेली असती.

कॉफी शॉपमध्ये चीफच्या टेबलावर आणखी एक गृहस्थ बसत. आयुष्यभर टॅक्सी चालवून आता निवृत्त झालेले एक चिनी अंकल. त्यांना चीफनी चार कोपऱ्यांना चार कप मांडून आणि साखरेची पुडी पळवून सगळा खेळ समजावला होता. पळणारा पहिल्या कपाशी अडला, दुसऱ्याशी बाद झाला, चौथ्यापर्यंत पोचला तर एक धाव. आमच्या संघाची पुडी सहसा तिसऱ्या कपाशी मरायची. महिनाभर अंकल रोज विचारत, "टुडे विन ऑर नॉट?" आणि चीफ मान हलवत. एक दिवस अंकलनी कळवळून सल्ला दिला, "चीफ, व्हाय यू डोन्ट चेंज टीम?" चीफ म्हणाले, "अंकल, यू कॅन चेंज वाइफ?" अंकलनी बराच विचार केला. "वाइफ कॅनॉट. स्केअर्ड. टीम कॅन, ला."

हे सगळे सामने शंभर वर्षांपूर्वीचे आहेत हे चीफनी त्यांच्यापासून लपवलं नव्हतं. पण अंकलच्या डोक्यात ते शिरायला जून उजाडला. त्या दिवशी मी टेबलाशी होते. अंकलनी कप खाली ठेवला, चीफकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार. ते म्हणाले, "ओल्ड न्यूज ऑल्सो न्यूज, वॉट. आय नेव्हर रीड बिफोर." आणि पुडी परत पहिल्या कपाशी लावली. चीफनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, शिकलेल्यांना दहा वेळा सांगावं लागतं.

त्या लीगमध्ये आठ संघ होते आणि आमचा संघ आठवा. 'आमचा' हा शब्द मी कधी वापरायला लागले ते मला आठवत नाही. माझं ऑफिस आंग मो किओला, बिशानहून एकच स्टेशन, त्यामुळे जाता जाता पाच मिनिटं चीफच्या टेबलाशी उभं राहायची सवय लागली आणि त्या पाच मिनिटांची वीस कधी झाली ते कळलं नाही. माझ्या मॅनेजरने एकदा उशिराचं कारण विचारलं, तेव्हा "सामना लांबला" असं मी प्रामाणिकपणे सांगितलं.

जूनअखेर पेपरात ती बातमी आली. संघाचा मालक होता गावातला बर्फाचा कारखानदार. त्याने जाहीर केलं, की हंगामाच्या शेवटी संघ आठवा राहिला तर मी तो दुसऱ्या गावाला विकून टाकीन, गावात पुन्हा बेसबॉल होणार नाही. चीफनी ते मोठ्याने वाचलं आणि फोन पालथा ठेवला. तोवर ते हरण्याला हसत होते, त्या दिवसापासून हसू गेलं. आता सातव्या नंबरावर येणं भाग होतं. सातवा म्हणजे काही मोठा पराक्रम नाही. पण त्यावर अख्ख्या गावाची दुपार अवलंबून होती, आणि इकडे बिशानला एका माणसाची सकाळ. बर्फवाल्याचा निषेध म्हणून चीफनी बर्फ घेणं सोडलं. सिंगापूरच्या त्या घामट्या हवेत सगळे गार कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत असताना हा माणूस वाफाळती कोपी पिऊन घामाने न्हायचा आणि वर म्हणायचा, "त्याच्या धंद्याला आपण हातभार नाही लावायचा."

जुलैत संघ चक्क जिंकायला लागला. आबांचा खांदा बरा झाला होता. काकूंनी घरच्या देवापुढे दिवा लावताना एकदा चोरून आबांसाठीही हात जोडले, आणि ते मी पाहिलं म्हणून माझ्यावरच रागावल्या. "माणसाचं दुखणं ते दुखणं. कुठल्या साली का असेना," म्हणाल्या.

ऑगस्टमध्ये चीफना साठ पूर्ण झाली. साठीशांत रविवारी ठेवली, कारण त्या गावात रविवारी खेळायला मनाई असल्यामुळे सामना नव्हता. ब्लॉकखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर मांडव घातला, लिटल इंडियाहून गुरुजी आले, छोटासा होम झाला, चीफ सोवळं नेसून पाटावर बसले. अंकल कोट घालून पहिल्या रांगेत. आणि आमच्या मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चीफसाठी एक भेट तयार केली होती.

मंदार एका बँकेत डेटाचं काम करतो. माणूस सोन्यासारखा, पण आकडे दिसले की त्याचं भान सुटतं. त्याने महिनाभर खपून त्या संघाच्या हंगामाचा रंगीत आलेख बनवला. आठ संघांच्या आठ रेघा, एप्रिलपासून चढत-उतरत जाणाऱ्या. मला म्हणाला होता, "चीफ खूश होतील. सगळं आहे त्यात." मला तेव्हाच विचारायला हवं होतं, सगळं म्हणजे काय. पण मी जिलब्या मोजत होते. जेवणाआधी त्याने प्रोजेक्टर लावला, पांढऱ्या भिंतीवर रेघा धावायला लागल्या. एप्रिल, मे, आबांचा खांदा, जूनमधला खड्डा, जुलैची चढण. लोक टाळ्या वाजवत होते. ऑगस्टचा तो रविवार आला, आणि रेघा थांबल्याच नाहीत. मंदारच्या धंद्यात अर्धवट डेटा कुणाला देणं हे पाप आहे. त्याने पुण्यवंताप्रमाणे सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत सगळं भरलं होतं, आणि शेवटचा तक्ताही जोडला होता. वर आपला संघ चटकन सापडावा म्हणून त्याची ओळ पिवळी रंगवली होती. पिवळी ओळ तळाला होती.

मी धावत जाऊन प्रोजेक्टरपुढे उभी राहिले. अख्खा सप्टेंबर माझ्या साडीवर पडला. मंदारचा हात बटणाकडे गेला, चुकीच्या बटणाकडे गेला, पुन्हा गेला. भिंत पांढरी झाली. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. चीफ मान खाली घालून उपरण्याने चष्मा पुसत होते. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय रे मंदार, काय दाखवत होतास? होमाच्या धुराने काही दिसेना मला. राहू दे आता, माणसं भुकेली आहेत."

पानं मांडली गेली. मंदार जेवला नाही. घरी आल्यावर तो खाटेच्या कडेला बसून राहिला. "अगं, मी त्यांचा सप्टेंबर खाल्ला असता," म्हणाला. मी म्हटलं, त्यांना दिसलं नाही, त्यांनीच सांगितलं ना. "खरंच नसेल दिसलं?" असं त्याने मला त्या आठवड्यात इतक्या वेळा विचारलं, की शेवटी मी ओरडले.

दिसलं नव्हतंच, याची आम्हा दोघांना पुढच्या दिवसांत खात्री पटत गेली. सोमवारच्या सामन्याची बातमी चीफनी मंगळवारी सकाळी वाचली ती नेहमीसारखीच, ओळीओळीला थांबत, वकिलाला शिव्या देत. संघ जिंकला की टेबलावर थाप मारत, हरला की अंकलचा कप ओढून "हा इथे धावायलाच नको होता" म्हणून पुडी मागे नेत. सप्टेंबर लागला तशी सातव्या आणि आठव्या संघातली दरी बुजत आली, आणि चीफ दिवसेंदिवस तरुण दिसायला लागले. आम्ही मात्र ते बघून झुरत होतो. निकाल ठाऊक असलेल्या माणसाने निकाल ठाऊक नसलेल्याच्या शेजारी बसून कोपी पिणं ही फार वाईट शिक्षा आहे. मंदार तर त्या टेबलाकडे फिरकेनासाच झाला. चीफ मला विचारत, "मंदार कुठाय? त्याला म्हणावं, ये. आता खरी मजा आहे."

शेवटचे दोन सामने आमच्या गावात होते आणि नेमके सातव्या संघाशी. दोन्ही जिंकले तर आपण सातवे. पहिल्या सामन्यात आबांनी म्हाताऱ्या खांद्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत चेंडू टाकला, वकील चक्क अंपायरशी न भांडता धावला आणि आम्ही जिंकलो. त्या सकाळी चीफनी पेढे वाटले. लिटल इंडियातून आदल्या दिवशीच आणून ठेवलेले पेढे. अंकलना दिले, कोपीवाल्या बाईला दिले, टेबलं पुसणाऱ्या म्हातारीला दिले, शेजारी नाश्ता करणाऱ्या शाळेच्या मास्तरांना दिले. मला हातावर दोन ठेवून म्हणाले, "एक मंदारला दे. आज खायचेच." मी तो पेढा घरी नेला. मंदारने तो खाल्ला आणि म्हणाला, "बघ, नक्कीच दिसलं नव्हतं. नाहीतर आज कोण पेढे वाटेल?" मलाही ते पटलं, आणि म्हणूनच उद्याची सकाळ नको झाली.

उद्याची सकाळ आलीच. उशीर होईल म्हणून मी ऑफिसला कळवून टाकलं होतं. काकूही खाली आल्या होत्या. चीफनी तिकडचे सहा वाजू दिले आणि वाचायला सुरुवात केली. आबांनी लागोपाठ दुसऱ्या दिवशी चेंडू मागून घेतला होता. सहाव्या डावापर्यंत बरोबरी, मग समोरच्यांची एक धाव जास्त. शेवटच्या डावात दोन गडी बाद, वकील तिसऱ्या कोपऱ्यावर, आणि मारायला आला सुतार. त्याने असा उंच टोला मारला की मैदानातली माणसं उभी राहिली, असं बातमीदाराने लिहिलं होतं. अंकलनी पुडी तिसऱ्या कपापासून उचलून हातात धरली होती. कुंपणाशी उभ्या असलेल्या त्यांच्या माणसाने पाठ टेकवून तो झेल घेतला. चीफनी पुढची दोन वाक्यंही वाचली: माणसं पुष्कळ वेळ मैदानातून गेली नाहीत, आणि आबांनी आपला हातमोजा शेजारी उभ्या असलेल्या कुणाला तरी देऊन टाकला. मग फोन खिशात ठेवला. अंकल हळूच म्हणाले, "गुड गेम, चीफ." चीफ म्हणाले, "व्हेरी गुड गेम."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे मुगाची खिचडी घेऊन गेले. घरात दुःख झालं की शेजाऱ्यांनी जे करायचं ते. काकूंनी डबा घेतला, स्वयंपाकघरात ओट्याशी टेकल्या आणि एकदम म्हणाल्या, "बरं झालं संपलं. दीड महिना मला पोटात ठेवावं लागलं." मी म्हटलं, काय? "साठीच्या दिवशी घरी येऊन सोवळं सोडता सोडता मला म्हणाले, 'आठवे आलो गं आपण.' मी न कळल्यासारखं करून म्हटलं, कशात आठवे? तर मला ताकीद दिली, की वर जाऊन बोलायचं नाही."

चीफ बाहेर कॉरिडॉरमध्ये कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होते. मी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तुम्हाला दिसलं होतं." त्यांनी पाण्याची धार थांबवली नाही. "अगं, एवढी पिवळीजर्द ओळ. आंधळ्यालाही दिसली असती." मग पेढे कसले वाटलेत, मी विचारलं, माझा आवाज चढला होता. उद्या हरणार हे माहीत असताना?

"मला माहीत होतं," चीफ म्हणाले. "त्यांना कुठे माहीत होतं? आबा तर जिंकायलाच उतरले होते. त्या दिवशी रात्री गावात कुणी झोपलं नसेल आनंदाने. त्यांच्या आनंदात मी, केवळ शंभर वर्षं उशिरा जन्मलो म्हणून, तोंड पाडून बसायचं?" कुंडी भरून पाणी खाली गळायला लागलं तेव्हा त्यांनी तांब्या बाजूला ठेवला. "पहिले दोन-तीन दिवस जड गेलं, खोटं नाही सांगत. मग वाचता वाचता विसरायला व्हायचं. आज सकाळी तर सुतार मारायला आला तेव्हा मला खरंच वाटलं, की यंदा जाईल कुंपणाबाहेर."

मला रडू आलं होतं, आणि ते कॉरिडॉरमधून येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू नये म्हणून मी कढीपत्त्याकडे तोंड केलं. चीफनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "हे मंदारला सांगू नकोस. आज तू गेल्यावर तो खाली आला होता, माझ्याबरोबर दोन टोस्ट खाल्ले त्याने. बऱ्याच दिवसांनी खाल्ले."

पुढच्या वर्षी चीफचा पास संपला. इथे सगळ्यांचे संपतात. कुणाचा आज, कुणाचा उद्या. ते आणि काकू अलिबागला गेले. तिथे त्यांनी पंपाच्या मोटारी ऐकून ऐकून अख्ख्या आळीला भंडावून सोडलंय म्हणे. कॉफी शॉपच्या त्या टेबलाशी अंकल असतात. मी जाता जाता थांबते, पण पाच मिनिटांची वीस होत नाहीत.

मंदारला मी अजून सांगितलेलं नाही. तो स्क्रीनवरच्या आकड्यांपलीकडे काही वाचत नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. कधी चीफचा विषय निघाला, अलिबागहून पोह्याचे पापड आले किंवा काकूंचा फोन आला, की तो हमखास म्हणतो, "बरं झालं गं, त्या दिवशी होमाचा एवढा धूर होता."

मी म्हणते, "हो ना. फारच धूर होता."